शेतनोंद : सुकलेला गाभा शेतात दिसतो, घरात का दिसत नाही?



लावणी उरकून तीन आठवडे झाले. काल सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, म्हणून खोडकिड्याची पाहणी करायला खाचरात उतरलो. बांधावरून बघाल तर भात हिरवंगार, नाव ठेवायला जागा नाही. आत शिरून चुडं चाळली तेव्हा कुठे दिसलं. बाहेरची पानं हिरवी, पण मधली सुरळी पिवळी पडून सुकलेली. चिमटीत धरून ओढली की अलगद हातात येते. यालाच आपण गाभेमर म्हणतो. शंभरात पाचपर्यंत असे फुटवे दिसले तर उपाय करायची वेळ आली, हे आपल्याला कृषीवाल्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू.

आजची नोंद मात्र भाताची नाही, माणसाची आहे. बाहेरून हिरवा दिसणारा आणि आतून सुकलेला माणूस आपल्या कर्जत-खालापुरात घरोघर आहे. त्याची पाहणी कोणी करत नाही. भाताला लावतो तेवढा नियमसुद्धा आपण माणसाला लावत नाही.

माझ्या घरातली गोष्ट आधी

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी स्वतःचं सांगतो. २६ जुलै २००५ चा पूर कर्जतच्या कोणाला विसरता येणार नाही. उल्हास नदी जिथे कधी आली नव्हती तिथे आली. माझ्या चुलत्याची बैलजोडी त्या रात्री गेली. नदीकडच्या दोन खाचरांत दगड-रेती भरली, बांध वाहून गेले. पंचनामा झाला, मदत मिळाली, बांध पुन्हा घातले. कागदावर सगळं मिटलं.

काका मात्र ओटीवरून उठेना. अंघोळ नाही, जेवणावर वासना नाही. विचारलं की एकच उत्तर, "काय नाय रं, अंगात जीवच नाय." पाऊस जोरात लागला की रात्रभर जागा. मध्येच उठून बॅटरी घेऊन नदी बघून यायचा. आम्ही काय केलं? आधी आळशी म्हटलं. मग अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावून आणलं, एकदा नाही, सात-आठ वेळा. ताकदीची इंजेक्शनं झाली. भगताकडे जाऊन आलो, कोंबडा दिला. यात दोन वर्षं गेली. कोणीही, अगदी डॉक्टरनेसुद्धा, "झोप लागते का? मनात काय येतं?" असं विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी हट्टाने शहरात मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, उलट आम्हीच कुरकुरलो. पाचव्या आठवड्यात काका स्वतःहून गोठ्याकडे गेला. त्या दिवशी काकूने घरात काहीतरी गोड केलं होतं, एवढं आठवतं.

इथे चूक आमची. तिसऱ्या महिन्यात "झाला की बरा" म्हणून गोळ्या बंद केल्या. जवळच्या दवाखान्यात त्या मिळत नव्हत्या, शहरात जायचं म्हणजे पूर्ण दिवस आणि दोघांची मजुरी बुडायची, त्यात लावणी तोंडावर. दोन महिन्यांत काका पहिल्यापेक्षा खाली गेला. एका संध्याकाळी काकूने त्याच्या हातातून फवारणीची बाटली काढून घेतली. ती तेव्हा गोठ्याकडे गेली नसती तर आज ही नोंद वेगळी असती.

पुढे वर्षभर औषध नीट चाललं, डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू कमी करून बंद झालं. आज काका सत्तरीचा आहे. भात निघालं की वाल पेरतो, थंडीत पोपटी लावायला पोरांच्या आधी तोच तयार. हे सगळं त्याला विचारून, त्याच्या परवानगीने लिहितोय. म्हणाला, "लिव. दोन वर्सं फुकट गेली, दुसऱ्याची नको जायाला."

इर्शाळवाडी

आता आपल्या शेजारची गोष्ट. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या ठाकर वाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, यंत्र चढणार नाही. बचावाला गेलेली माणसं तास-दीड तास चिखलातून चढून वर पोचली आणि कुदळ-फावड्याने माती उपसली. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एकाचा जीव गेला. चार दिवसांनी, २३ जुलैला शोध थांबवला. २७ जणांचे देह मिळाले. ५७ जण मिळालेच नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही चार जण तांदूळ घेऊन चौकपर्यंत गेलो होतो. मदत खूप आली होती. कपडे, भांडी, धान्य ठेवायला जागा नव्हती. पुढे वाचलेली कुटुंबं कंटेनरच्या घरात राहिली, मग सिडकोने चौकजवळ ४४ घरं बांधली. घर मिळालं हे चांगलंच झालं, त्यात खोट काढायची नाही.

पण जरा विचार करा. आपल्यात माणूस गेला की देह समोर असतो, अग्नी देतो किंवा पुरतो, दिवस घालतो, चार माणसं येऊन बसतात. मन हळूहळू मान्य करतं. ज्याचं माणूस डोंगराखालीच राहिलं, त्याने कशाला हात लावून रडायचं? घराच्या खिडकीतून तोच डोंगर दिसतो. दर पावसाळ्यात तोच आवाज. अशा माणसाला पक्कं घर दिलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. मळीण २०१४ मध्ये गेलं, तळिये २०२१ मध्ये. तिथेही हाच प्रश्न आहे. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर हा प्रश्न दर काही वर्षांनी येणार आहे.

जाणकार सांगतात, मोठ्या आघातानंतर पहिला महिना झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे कोणालाही होतं. त्याला लगेच आजार म्हणू नये. बहुतेक जण आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पण महिना उलटून गेला तरी तेच चालू असेल, माणूस त्या जागेचं नाव टाळत असेल, कामाला हात लागत नसेल, तर उपचार हवा. काहींना वाईट स्वप्नं सुटत नाहीत, काहींना माझ्या काकासारखी उदासी धरते, काही जण दारूत जातात. आणखी एक गोष्ट. "काय झालं ते सगळं पहिल्यापासून सांगा" म्हणून माइक पुढे करणं हा आधार नव्हे. बळजबरीने पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो. शेजारी बसा, पाणी-चहा द्या. बोलला तर ऐका, नाही बोलला तरी बसा.

यादीत नसलेली माणसं

इर्शाळवाडी गेली तेव्हा सरकारने सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दरडीने यादी बघितली नाही. मनाच्या आजाराचंही तसंच आहे.

शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी. तिथे गरज मोठी आहे, वाद नाही. पण रायगड त्या यादीत नाही. आमच्याकडे कापूस नाही, आत्महत्येची बातमी होत नाही, मुंबई दोन तासांवर. म्हणून आम्ही सुखी, असा एक समज आहे. इथल्या शेतकऱ्याची जमीन गुंठ्यागुंठ्याने फार्महाऊसला गेली, पैसा आला आणि संपला, पोरगा खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर आणि बाप ओटीवर रिकामा. हे कोणत्या यादीत?

कातकरी आणि ठाकर तर यादीच्या पार तळाला. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. समजा ऑक्टोबरात एखाद्या बाईला गोळी सुरू झाली. नोव्हेंबरात ती भट्टीवर. गोळी कुठे, डॉक्टर कुठे? ही गोळी तर बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते, मध्येच तोडली की काय होतं ते आमच्या घरात बघितलंय. आपण म्हणतो "हे लोक औषध नीट घेत नाहीत". औषधच त्यांच्या वर्षाच्या फेऱ्यात बसत नाही, हे कोणी बघत नाही.

कर्जतबद्दल अभिमानाची गोष्टही सांगितली पाहिजे. वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरं करून, देशभर त्यांच्या घरी पोचवतात. हजारो माणसं अशी घरी गेली. २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला नाव-गाव सांगता येत नाही तोसुद्धा औषधाने, मायेने बरा होऊन घरी जाऊ शकतो, हे आपल्याच तालुक्यात रोज घडतं. मग ज्याला नाव आहे, गाव आहे, घर आहे, तो ओटीवर बसून का वाळतो? तो भटकत नाही, आरडाओरडा करत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. आणि हा आजारच असा की माणूस उठून दवाखान्यात जात नाही. कीड काही चालत आपल्या ओटीवर येत नाही, आपल्याला खाचरात उतरावं लागतं. इथेही तेच करावं लागेल. रुग्ण येईल म्हणून वाट बघायची नाही, उपचाराने वाडीवर जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे.

हे होतं का? होतं.

कोणी म्हणेल, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? सगळ्या कामाला तज्ज्ञ लागत नाही. गोव्यात 'संगत' नावाच्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. ते उदास रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटतात आणि ठरवून छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करून देतात. आज परसापर्यंत चाल, उद्या मित्राकडे जा, परवा रोपांना पाणी घाल. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा फरक चांगला होता.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम ३० गावांत झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या, समुपदेशक जोडला, गरज पडली तर डॉक्टर. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभरातले चारच जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. सगळे नाही पोचले, पण सहापटीने वाढले.

लांब आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. तिथे आजाराचं इंग्रजी नाव घेत नाहीत, "फार विचार करणं" असं म्हणतात. आपल्याकडे "विचार लागलेत" म्हणतात तसंच की! आपल्याकडे पार आहे, आज्या आहेत. शिकवणारं कोणीतरी हवं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड नसलं तरी त्याला उपचार फुकट मिळाले पाहिजेत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तणावाखाली आहे असं धरायचं, शिक्षा नाही करायची, त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची, हेही त्यात लिहिलंय. पोलिसाच्या भीतीने लपवू नका.

माझ्या मागण्या

१. चौक आणि कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा ठरलेला वार असावा. शक्यतो आठवडी बाजाराला धरून, म्हणजे मजुरी बुडत नाही. वार बाहेर पाटीवर लिहिलेला असावा आणि त्या दिवशी गोळ्या कपाटात असाव्यात. अलिबाग किंवा ठाणे गाठा, हे उत्तर गरिबाला चालत नाही.

२. आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा जो सी-बॅक फॉर्म भरते, त्याच्या शेवटी मनाचे दोन प्रश्न आहेत. ते नुसते टिक करून सोडू नयेत. आणि तिशीच्या आतल्या पोरापोरींना, नव्या सुनांना कोण विचारणार? त्यांनाही विचारा.

३. पूर, दरड, गारपीट झाली की तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. त्यांच्याबरोबर आशाताईने जावं. जमिनीचं नुकसान एका कागदावर, माणसाचं दुसऱ्या. मग महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा भेट. जखम पहिल्या पावसात उघडते. इर्शाळवाडीच्या लोकांना तर दर जुलैत कोणीतरी भेटायलाच हवं, तेही ओळखीच्या, त्यांची बोली समजणाऱ्या माणसाने.

४. भट्टीवर जाणाऱ्याला औषध जास्त दिवसांचं आणि सोबत चिठ्ठी, म्हणजे जिथे जाईल तिथल्या सरकारी दवाखान्यात ती चालेल.

कृषी विभागातले, संशोधन केंद्रातले बरेच मित्र ही नोंद वाचतात. तुम्हाला विनंती, शेतकऱ्याचं पीक बघायला जाता तेव्हा शेतकऱ्याकडेही बघा. ज्याने यंदा राब भाजला नाही, ज्याची खाचरं कधी नव्हे ती पडीक राहिली, त्याला "का?" विचारा. पुष्कळदा त्याचं उत्तर शेतीत नसतं.

आपण काय करायचं

शेजारी, भाऊ, मेव्हणा गप्प झालेला दिसला तर दोनच गोष्टी विचारा. गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागत नाही असं होतंय का? उदास, खचल्यासारखं वाटतंय का? "हो, बहुतेक दिवस" असं आलं तर मायेने म्हणा, "चल, मी येतो बरोबर." नुसतं "दवाखान्यात जा" म्हणू नका, तो जाणार नाही. "जगावंसं वाटत नाही का?" हेही सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका.

कीटकनाशक घरात साठवू नका. लागेल तेवढंच आणा, उरलं तर अशा घरात अजिबात ठेवू नका. श्रीलंकेत सर्वांत घातक औषधांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या खूप घटल्या. तो एक उतावळा क्षण टळला तर माणूस वाचतो. काकूने तो टाळला, म्हणून आमचा काका आहे.

भगताकडे जायचं तर जा, मी अडवत नाही. पण गोळी बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. आणि "आमच्या आजोबांना कुठे असलं काही होतं?" म्हणणाऱ्यांनो, होतं. आपण त्याला "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून मागच्या खोलीत ठेवायचो.

सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वाडीवर रेंज नसते हे मला माहीत आहे, म्हणूनच वरच्या मागण्या.

येत्या ग्रामसभेत आम्ही पहिल्या मागणीचा ठराव मांडतोय. तुमच्या गावातही मांडा, मसुदा हवा असेल तर खाली लिहा, पाठवतो. आणि आज संध्याकाळी बांधावरून घरी जाताना ज्याच्या ओटीवर बरेच दिवस कोणी बसलेलं नाही, त्याच्याकडे पाच मिनिटं बसा.

पुढच्या नोंदीत पुन्हा भातावर येतो. खोडकिड्याचं पाच टक्क्यांच्या आत आहे, सध्या फवारणी नाही, नजर ठेवतोय.